कुत्र्याची शी पाहायची कशी: पोत, रंग, आव, रक्त आणि जंत

शी उचलून पिशवीला गाठ मारण्याआधी दहा सेकंद ती नीट पाहायची, एवढीच सवय लावायची आहे. नाक मुरडून पिशवी बंद करणाऱ्याला पोट बिघडल्याचं कळतं ते थेट गालिचा धुवायची वेळ आली की. बहुतेक जण रंगाला घाबरतात आणि घट्टपणाकडे बघतही नाहीत. रोजच्या कामाची खूण मात्र घट्टपणा हीच आहे. रंग दोन-तीन ठिकाणीच निर्णायक ठरतो, पण तिथे ठरतो तो पक्का.

आणखी एक. एकटी शी फारसं काही सांगत नाही. तीच पातळ शी करून एक कुत्रा चेंडूमागे धावत असेल आणि दुसरा कोपऱ्यात मान टाकून पडला असेल, तर त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे खाली जे काही लिहिलंय ते कुत्र्याकडे बघतच वाचायचं.

आधी नेहमीची शी ओळखा

निरोगी कुत्र्याची शी तपकिरी, लांबट आणि वळ्यावळ्यांची असते. बोटाने दाबली (पिशवीतूनच!) तर दबते, पण भुगा होत नाही आणि लगदाही होत नाही. उचलल्यावर जमिनीवर काही राहत नाही, राहिलीच तर पुसट ओल. तपकिरी रंग येतो पित्तातून. पित्तातल्या बिलिरुबिनवर आतड्यातले जिवाणू काम करतात आणि शेवटी स्टर्कोबिलिन नावाचं तपकिरी द्रव्य बनतं. एवढं लक्षात ठेवलं तर पुढे फिकट, पिवळ्या आणि हिरव्या रंगांचं कोडं आपोआप सुटतं.

पशुवैद्य घट्टपणा १ ते ७ अशा आकड्यात सांगतात. १ म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुके, टणक खडे. २ म्हणजे घट्ट पण दबणारी, वळी स्पष्ट दिसणारी. ३ आकार धरून असते, वरून ओलसर, उचलताना थोडीशी जमिनीला चिकटते. ४ ओलीचिंब, लांबट दिसते पण उचलताना मोडते. ५ म्हणजे आकाराचा नुसता भास असलेले ढीग, ६ म्हणजे शेणाच्या पोसारखी पसरलेली, आणि ७ म्हणजे नुसतं पाणी. २ उत्तम, ३ चालतं. फोनवर डॉक्टरांना ‘जरा लूज आहे’ म्हणण्यापेक्षा ‘काल ४ होती, आज सकाळपासून ६’ असं सांगा, म्हणजे त्यांना ताबडतोब चित्र दिसतं.

मोठा कुत्रा दिवसातून एक ते तीन वेळा जातो, लहान पिल्लू चार-पाच वेळाही जातं. जास्त चोथा असलेल्या कोरड्या खाद्यावर शी मोठी आणि जास्त वेळा होते, मांसप्रधान आहारावर लहान आणि घट्ट. दोन्ही ठीकच. बिघाड म्हणायचा तो आपल्या कुत्र्याच्या नेहमीच्या शीपेक्षा फरक पडला तर.

एक गोष्ट उगाच घाबरवते. लांब फिरताना कुत्रा दोन-तीनदा बसतो. पहिली शी घट्ट, दुसरी मऊ, तिसरी म्हणजे चमचाभर लगदा आणि त्यावर थोडी आव. धावपळीने मोठं आतडं चाळवलं जातं आणि पाणी पुरतं शोषलं जाण्याआधीच उरलेला मळ बाहेर येतो. पहिली शी चांगली असेल तर तिसरीची काळजी नको. नोंद ठेवायची ती नेहमी पहिल्या शीची.

पातळ शी कुठून येतेय?

जुलाब लहान आतड्याचे की मोठ्या, हे घरीच बऱ्यापैकी ओळखता येतं, आणि पुढची सगळी दिशा त्यावर ठरते.

मोठं आतडं सुजलं की कुत्रा वारंवार बसतो, पाच-सहा-दहा वेळा, पण प्रत्येक वेळी निघतं थोडंच. कुंथतो. शी झाल्यावरही तसाच वाकून दोन पावलं चालतो. दारापर्यंत पोचायलाही धीर नसतो. शीवर जेलीसारखी आव असते, कधी आवेत लाल रक्ताचे धागे. हे दिसायला भयंकर असलं तरी कुत्रा बहुधा टवटवीत असतो, खातो-पितो. कचऱ्यातलं काहीतरी खाल्लं, खाद्य एकदम बदललं, पाहुण्यांची गडबड झाली किंवा कुत्र्याला परक्या ठिकाणी ठेवलं, एवढंही कारण पुरतं. अशी बरीच प्रकरणं दोन-तीन दिवसांत निवळतात. पुन्हा पुन्हा होत असेल तर व्हिपवर्म नावाचे जंत, जियार्डिया नावाचा सूक्ष्म परजीवी किंवा खाद्यातल्या एखाद्या घटकाचं वावडं हे संशयित.

लहान आतड्याचा बिघाड उलटा. दिवसातून तीन-चार वेळाच, पण दरवेळी भरपूर. कुंथणं नाही, आव नाही. पोट गुडगुडतं, उलटीही असू शकते, आणि बिघाड लांबला तर वजन उतरू लागतं. अन्न शोषण्याचं काम लहान आतड्याचं असल्यामुळे दिसायला कमी नाट्यमय असलेले हे जुलाब जास्त दिवस चालू ठेवणं महागात पडतं. तीन आठवड्यांहून जास्त काळ सतत किंवा येऊन-जाऊन पातळ शी असेल तर तो जुनाट आजार धरायचा. तिथे घरगुती उपाय थांबवून रक्ततपासणी, ब१२ जीवनसत्त्वाची पातळी आणि खाद्यबदलाची शिस्तशीर चाचणी एवढं करावंच लागतं. खाद्यबदलाची चाचणी म्हणजे एकच ठरवलेलं खाद्य, बाकी बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. ही चाचणी फसते ती बहुतेक वेळा त्या एका तुकड्यामुळेच. पोटाच्या तक्रारीत योग्य खाद्याचा फरक बहुधा दोन आठवड्यांत दिसू लागतो.

मध्येच बरा, मध्येच जुलाब, उलट्या, अशक्तपणा, अंग थरथरणं, आणि दरवेळी सलाइन लावलं की चमत्कार झाल्यासारखा टुणटुणीत: असं चक्र असेल तर अ‍ॅडिसन्स आजाराचं नाव डॉक्टरांपुढे स्वतःहून काढा. यात अ‍ॅड्रिनल ग्रंथी कमी काम करते. तो पोटाच्या विकाराचं सोंग इतकं चांगलं घेतो की वर्षभर जुलाबाचं औषध चालू राहतं.

काळी शी

गडद तपकिरी वेगळी आणि काळी वेगळी. धोक्याची काळी शी डांबरासारखी चकचकीत, चिकट आणि विचित्र उग्र वासाची असते. जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्त सांडलं की ते वाटेत पचतं आणि काळं होऊन बाहेर पडतं.

खात्री करायची असेल तर ओल्या पांढऱ्या कागदावर शीचा वाटाण्याएवढा तुकडा ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. तुकड्याभोवती ओल पसरते. तिला लालसर, गंजासारखी झाक असेल तर रक्त समजा. तपकिरी किंवा हिरवट-काळी झाक असेल तर कारण दुसरं असू शकतं. ही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे, झाक दिसली नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. पण ‘आज जावं की उद्या’ हा प्रश्न ती पुष्कळदा सोडवते.

रक्ताशिवाय काळी शी होते ती लोहाच्या गोळ्या, बिस्मथ असलेलं पोटाचं औषध, विषबाधेत दिलेला कोळसा किंवा भरपूर यकृत खाल्ल्याने. नाकातून रक्त आलेलं किंवा तोंडातल्या जखमेचं रक्त गिळलं तरीही शी काळी होते, म्हणून तोंड उघडून बघा.

खऱ्या काळ्या शीचं एक नेहमीचं कारण घरातल्या औषधाच्या डब्यात असतं. माणसांची वेदनाशामकं, म्हणजे आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक, कुत्र्याच्या जठराला व्रण पाडतात. कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं तुलनेने सुरक्षित असली तरी ती स्टेरॉइडसोबत दिली किंवा एकातून दुसऱ्यावर मधले दिवस न सोडता उडी मारली, तर तोच परिणाम होतो. गोळ्या चालू असताना शी काळी झाली तर पुढचा डोस द्यायचा नाही आणि डॉक्टरांना फोन करायचा. गोचिडांतून येणाऱ्या तापात प्लेटलेट घसरतात, त्यातही हे दिसतं. पिल्लांमध्ये हुकवर्म नावाचे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. अशा पिल्लाच्या हिरड्या गुलाबी न राहता पांढुरक्या पडतात.

लाल रक्त

घट्ट शीच्या शेवटी एखादा लाल ठिपका किंवा रेघ दिसली, कुत्रा मजेत आहे: बहुधा कडक शीने गुदद्वाराला चरा पडला असेल किंवा गुदग्रंथीत काही असेल. गुदग्रंथी दोन असतात. घड्याळाची तबकडी कल्पिली तर चार आणि आठच्या जागी. घट्ट शी बाहेर पडताना त्या दाबल्या जाऊन रिकाम्या होतात, सतत मऊ शी असली की भरून राहतात. मग कुत्रा जमिनीवर बूड घासतो, सडक्या मासळीसारखा वास येतो. दोन्ही बाजूंना दाबून ग्रंथी रिकाम्या करणं सोपं दिसतं, पण सुजलेली ग्रंथी दाबली तर ती आत फुटते. त्यापेक्षा शी घट्ट कशी होईल ते बघावं. दर महिन्याला सवयीने ग्रंथी पिळून घेणंही आम्हाला पटत नाही.

मऊ शीबरोबर आव आणि रक्ताचे धागे म्हणजे वर सांगितलेलं मोठ्या आतड्याचं प्रकरण.

मात्र जॅमसारखी, लालभडक, दाटसर शी एकाएकी आली तर थांबायचं नाही. आदल्या रात्रीपर्यंत ठणठणीत कुत्रा पहाटे उलट्या करतो आणि काही तासांत अशी शी करतो. हा तीव्र रक्तस्रावी जुलाबाचा आजार, लहान जातींमध्ये जास्त दिसतो. यात रक्त जातं त्याहून जास्त पाणी जातं. रक्त इतकं घट्ट होतं की त्यातल्या लाल पेशींचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर चढतं. वेळेत शिरेतून सलाइन मिळालं तर बहुतेक कुत्री दोन-तीन दिवसांत उभी राहतात. सकाळी नेऊ म्हणून रात्र काढली तर रक्तदाब कोसळतो.

लसी पुऱ्या न झालेलं पिल्लू सुस्त आहे, उलट्या आहेत, आणि शी रक्ताळ व कुजका वास मारणारी आहे: पार्व्हो धरूनच चाला. सहा आठवडे ते सहा महिने हे वय सर्वांत धोक्याचं. सुरुवातीला शी पिवळी किंवा राखाडी पाण्यासारखी असते, रक्त नंतर येतं. रक्ताची वाट पाहण्यात एक पूर्ण दिवस जातो आणि नेमका तोच दिवस मोलाचा असतो. शीच्या नमुन्यावर काही मिनिटांत होणारी तपासणी दवाखान्यात मिळते. पिल्लू थेट प्रतीक्षागृहात न्यायचं नाही, आधी फोन करून बाहेर थांबायचं. पार्व्होचा विषाणू साध्या साबणाने मरत नाही आणि घरात, अंगणात महिनोन्‌महिने टिकतो. फरशी आधी घासून स्वच्छ करायची, मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी हे द्रावण पसरून १० मिनिटं ओलं ठेवायचं. मळ तसाच ठेवून वरून ब्लीच टाकलं तर ब्लीच मळावरच खर्च होतं. लसीचे डोस सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन-चार आठवड्यांनी, आणि शेवटचा १६ आठवडे किंवा त्यानंतर. शेवटचा डोस चुकवला तर आधीचे वाया जाऊ शकतात, कारण आईकडून आलेली प्रतिकारद्रव्यं लसीला तोवर निष्प्रभ करत असतात.

बाकीचे रंग

पिवळी किंवा हिरवट शी म्हणजे बऱ्याचदा मळ आतड्यातून इतका वेगाने निघाला की पित्ताचं तपकिरी व्हायला वेळच मिळाला नाही. भरपूर गवत खाल्लं तरी हिरवी होते, गवताच्या काड्या दिसतातच. केशरी रंग गाजराचाही असतो. पण पिवळ्या-केशरी शीबरोबर डोळ्यांचा पांढरा भाग किंवा हिरड्या पिवळ्या दिसल्या, लघवी गडद झाली, तर यकृत किंवा पित्ताचा आजार, किंवा रक्तपेशी फुटण्याचा.

हिरव्या-निळ्या रंगाचे भडक कण दिसले तर उंदराच्या विषाची आठवण झाली पाहिजे. ही विषं मुद्दाम रंगवलेली असतात. रक्त गोठू न देणाऱ्या प्रकारात कुत्रा पहिले तीन-चार दिवस अगदी धडधाकट दिसतो आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो. तो धडधाकट आहे तेव्हाच नेलं तर के१ जीवनसत्त्वाने वाचतो. विषाचं पाकीट सापडलं तर सोबत न्या. विषाचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि के१ सगळ्यांवर चालत नाही.

खडूसारखी पांढरी, हातात भुगा होणारी शी हाडांची. हाडं कमी करा, नाहीतर पुढची पायरी बद्धकोष्ठाची. ओली असतानाच मातकट, राखाडी-पांढरी असेल तर मात्र पित्त आतड्यात उतरतच नसावं, आणि ते त्याच दिवशी दाखवायचं.

राखाडी-पिवळसर, तेलकट चमक असलेली, ढीगभर आणि आंबूस वासाची शी. कुत्रा वखवखल्यासारखा खातोय, तरी बरगड्या मोजता येताहेत: स्वादुपिंड पचनरस बनवत नाहीये. जर्मन शेफर्डमध्ये हे विशेष दिसतं. टीएलआय या रक्ततपासणीत निदान होतं आणि खाण्यावर मिसळायच्या एन्झाइम पावडरने फरक काही दिवसांतच दिसतो. पावडर जन्मभर द्यावी लागते. अशा कुत्र्याला लोक सहा-सहा वेळा जंतांचं औषध देत बसतात.

आत काय सापडतं

जंत सगळे डोळ्यांना दिसत नाहीत, ही पहिली गोष्ट. दिसतात ते मुख्यतः दोन. गोलजंत शिजलेल्या शेवयांसारखे, पांढुरके, दहा-पंधरा सेंटिमीटर लांब. पिल्लांमध्ये फार, सोबत पोट नगाऱ्यासारखं. ते आईच्या पोटातच आणि नंतर दुधातून येतात, म्हणून चांगल्या घरातलं पिल्लूही सुटत नाही. औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी सुरू करतात. औषध दिल्यावर दोन-तीन दिवस शीत जंत पडले तर घाबरू नका, औषध लागू पडलंय.

दुसरा पट्टकृमी. शीवर किंवा शेपटीखालच्या केसांत तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा तुकडा दिसतो. ताजा असेल तर थोडा वेळ बघत राहा: तो आक्रसतो, लांबतो, हळूच सरकतो. वाळला की पिवळट, तिळासारखा होतो आणि अंथरुणात सापडतो. गंमत म्हणजे प्रयोगशाळेत शी तपासली तरी हा कृमी बरेचदा सापडत नाही, कारण अंडी त्या तुकड्याच्या आत बंद असतात. तुम्ही काढलेला फोटो किंवा चिकटपट्टीवर उचललेला तुकडा हाच चांगला पुरावा. यावर प्राझिक्वांटेल हे औषध लागतं, पायरँटेल या दुसऱ्या जंतांच्या औषधाने हा मरत नाही. आणि तो पिसवांमधून येतो. पिसवा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात दाणे परत हजर.

हुकवर्म, व्हिपवर्म, जियार्डिया आणि कॉक्सिडिया (हेही सूक्ष्म परजीवी) डोळ्यांना जवळजवळ कधीच दिसत नाहीत. व्हिपवर्म अंडी रोज सोडत नाही, जियार्डियाही शीतून येऊन-जाऊन पडतो, त्यामुळे एकच नमुना ‘निल’ आला तरी ते नाहीत असं म्हणता येत नाही.

केसांचे पुंजके दिसू लागले तर कुत्रा अंग फार चाटतोय. मूळ त्वचेत शोधा. गाजराचे तुकडे, मक्याचे दाणे जसेच्या तसे दिसणं चालायचंच. प्लास्टिक, कापड, खेळण्याचा तुकडा पडला तर बाकीचा तुकडा कुठे आहे ते शोधा. आणि गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर ओढू नका. त्याचं दुसरं टोक जठरात किंवा जिभेखाली अडकलेलं असू शकतं, आणि ताणलेला दोरा आतड्याची भिंत करवतीसारखी कापतो. कुत्र्याला चाटू न देता तसाच न्या.

कुंथतोय, म्हणजे बद्धकोष्ठच?

इथे चूक फार होते. कुत्रा बसून जोर करतोय आणि काही येत नाही म्हटल्यावर घरचे रेचक देतात. पण मोठं आतडं सुजलेलं असलं तरी कुत्रा असाच जोर करतो, आतडं रिकामं असलं तरी. त्याला रेचक दिलं तर हाल वाढतात. आधी गेल्या दोन दिवसांत काय आणि किती पडलं ते आठवा. दुसरं, तो लघवीसाठी तर जोर करत नाही ना? नराने पाय वर करूनही धार येत नसेल, थेंब-थेंब येत असेल, तर ते तातडीचं काम आहे. तिसरं, शेपटी उचलून बघा. लांब केसांच्या कुत्र्यात शी केसांत सुकून दारच बंद झालेलं असतं. कोमट पाण्याने भिजवून केस कापले की काम झालं.

खरं बद्धकोष्ठ असेल, म्हणजे खडे पडताहेत आणि कुत्रा उलटी न करता खातोय, तर पाणी वाढवा, कोरडं खाद्य भिजवून द्या. उकडलेला, काही न घातलेला लाल भोपळा लहान कुत्र्याला एक छोटा चमचा, मोठ्याला एक-दोन मोठे चमचे खाण्यात मिसळा. इसबगोल द्यायचा तर लहान कुत्र्याला पाव ते अर्धा चमचा, मोठ्याला एक चमचा, आणि तो भरपूर पाण्यात फुगवूनच. कोरडा दिला तर तोच आत घट्ट बसतो. दोन दिवसांत काही झालं नाही, किंवा मध्येच उलटी सुरू झाली, तर दाखवा.

शी पट्टीसारखी चपटी, पेन्सिलीसारखी बारीक सतत येत असेल तर बाहेरून काहीतरी दाबत असू शकतं. खच्चीकरण न झालेल्या वयस्क नरात बहुधा वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी. डॉक्टर गुदद्वारात बोट घालून दोन मिनिटांत ते सांगतात.

घरी किती आणि कसं सांभाळायचं

घरी थांबायचं ते फक्त वयाने मोठ्या, आधी निरोगी असलेल्या, हिंडत्या-फिरत्या आणि पाणी पिणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत, रक्त नसताना. मुदत जास्तीत जास्त ४८ तास.

पूर्वी २४ तास उपाशी ठेवायला सांगत. आता तसा आग्रह नाही, कारण आतड्याचं अस्तर स्वतःचं पोषण आतून जाणाऱ्या अन्नातूनही घेतं. उलटी झाली असेल तर चार-सहा तास पोटाला विश्रांती पुरे. त्यानंतर कातडी-हाड काढून उकडलेलं कोंबडीचं मांस १ भाग आणि मऊ शिजवलेला भात २ भाग. मीठ, तेल, कांदा, लसूण काही नाही. नेहमीच्या रोजच्या मापापेक्षा थोडं कमी घेऊन त्याचे चार-पाच छोटे वाटे करा. कमी चोथ्याचं हे खाणं असल्यामुळे एखादा दिवस शी होतच नाही. ते बद्धकोष्ठ नव्हे. शी दोन दिवस ३ वर टिकली की नेहमीचं खाद्य पाव, अर्धं, पाऊण असं तीन-चार दिवसांत परत आणा. हा भात-मांसाचा आहार संतुलित नाही, आठवड्यापुढे ओढू नका. एरवी खाद्याचा ब्रँड बदलताना मात्र ७ ते १० दिवस घ्या.

पाणी सतत समोर हवं. अंगातलं पाणी कमी झालंय का ते हिरडीवर बघतात. हिरडी ओली-गुळगुळीत असावी, बोटाला चिकट लागू नये. बोटाने दाबून सोडली की पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा.

माणसांचं जुलाब थांबवणारं लोपेरामाइड देऊ नका. कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेटलंड शीपडॉग यांसारख्या जातींत एमडीआर-१ जनुकाच्या दोषामुळे ते मेंदूत पोचतं आणि कुत्रा झिंगल्यासारखा होतो. विषबाधा असेल तर ते विषच आत अडवून ठेवतं. उरलेलं मेट्रोनिडाझोलही नको. साध्या जुलाबाला प्रतिजैविक लागत नाही, आणि आतड्यातले चांगले जिवाणू त्याने जातात.

मुदत न बघता लगेच निघायचं ते अशा वेळी: काळी किंवा जॅमसारखी लाल शी, दोन-तीनपेक्षा जास्त उलट्या किंवा पाणीही न टिकणं, पांढऱ्या, पिवळ्या किंवा चिकट हिरड्या, पोट फुगून टणक होणं, विष, औषध वा वस्तू गिळल्याचा संशय. चार महिन्यांखालचं पिल्लू, अगदी छोट्या जातीचा, म्हातारा, गाभण, मधुमेही किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर साध्या पाण्यासारख्या जुलाबालाही त्याच दिवशी. पिल्लाची साखर काही तासांत घसरते.

नमुना नेताना

ताजी शी, शक्यतो चार तासांच्या आतली. लगेच जाणं नसेल तर फ्रिजमध्ये, अन्नापासून दूर, एका दिवसापर्यंत चालते. फ्रीझरमध्ये नाही, जंतांची अंडी फुटतात. उन्हात तापलेल्या गाडीतही नाही. उबेत हुकवर्मची अंडी फुटून अळ्या बाहेर येतात आणि तपासणाऱ्याचा गोंधळ होतो. अक्रोडाएवढी पुरते. जमिनीला टेकलेला भाग सोडून वरचा घ्या, कारण मातीतले निरुपद्रवी कृमी त्यात चढतात. टिश्यूत किंवा कापसात गुंडाळू नका, ओल शोषली जाते. झाकण घट्ट बसणारी स्वच्छ डबी हवी. पाणीदार असेल तर सुई काढलेल्या सिरिंजने ओढून घ्या. आव किंवा रक्त असलेला भाग मुद्दाम उचला. डबीवर नाव, तारीख, वेळ. जियार्डियाचा संशय असेल तर तीन ते पाच दिवसांत घेतलेले तीन नमुने जास्त भरवशाचे.

सोबत फोटो असू द्या, शेजारी नाणं ठेवून, उजेडात. आणि ही माहिती कागदावर: पहिली बिघडलेली शी कधी, दिवसातून किती वेळा, उलट्या किती, गेल्या तीन दिवसांत खाण्यात काय नवीन, कोणती औषधं चालू आहेत, जंतांचं औषध आणि लस शेवटची कधी. औषधाचं नाव आठवण्यापेक्षा रिकामी पट्टीच खिशात टाका.